पहिला हात बदामच्या राजानेच

आज दिवसभर डोक्यात ब्रिजचा एकच डाव आहे. सहा इस्पिक, म्हणजे इस्पिक हुकूम आणि तेरापैकी बारा हात करायचे. पानं पाहताच वाटतं की सगळं किलवरच्या फिनेसवर आहे: राजा पूर्वेकडे असेल या आशेवर डमीतून किलवर खेळून हातातली राणी लावायची. म्हणजे छापा की काटा. तसं अजिबात नाही.

डिक्लेरर (डाव खेळणारा): इस्पिक एक्का-राजा-10-9-8-5, बदाम राजा-4-3, चौकट 7-3, किलवर एक्का-राणी.
डमी (जोडीदाराची उघडी पानं, तीही डिक्लेररच खेळतो): इस्पिक राणी-गुलाम-4, बदाम एक्का-7-5, चौकट एक्का-राजा-6-4-2, किलवर 7-3.
पश्चिमेची (डिक्लेररच्या डावीकडच्या प्रतिस्पर्ध्याची) उतारी, म्हणजे पहिलं पान, बदामची राणी.

पक्के हात अकरा: इस्पिक सहा, बदाम दोन, चौकट दोन, किलवर एक. बारावा फिनेसने 50 टक्के वेळा मिळेल. चौकटीकडे पाहा. बाहेर, म्हणजे दोन प्रतिस्पर्ध्यांकडे मिळून, सहा पानं. ती 3-3 असण्याची शक्यता 35.5 टक्के, 4-2 ची 48.4. चौकटीचं पाचवं पान उभं करता आलं तर 84 टक्क्यांच्या जवळ पोचतो.

अडचण 4-2 ची. तेव्हा चौकट दोनदा हुकमाने मारावी लागते आणि एक्का-राजा खेळून झाल्यावर डमीत आणखी दोनदा जावं लागतं. तिथे जायचे रस्ते तीनच: इस्पिकची राणी, इस्पिकचा गुलाम, बदामचा एक्का. म्हणून उतारी हातातल्या राजाने घ्यायची. सवयीने एक्का टाकला, तर चौकटीला हात लावण्याआधी हुकूम एकदाच ओढता (खेळून प्रतिस्पर्ध्यांचे हुकूम काढता) येतो. उलट उत्साहाने तीनदा ओढले, तर राणी आणि गुलाम दोन्ही आधीच संपतात.

क्रम असा. बदाम राजा, इस्पिक एक्का, पंजीवरून राणी. चौकट एक्का, राजा. तिसरी चौकट 8 ने मारायची. बाहेरचा सर्वांत मोठा हुकूम 7 आहे, म्हणून वरून कोणी मारू शकत नाही. मग 9 वरून गुलाम, चौथी चौकट 10 ने, आणि बदामच्या चौकीवरून एक्का. आता चौकटीचं शेवटचं पान मोठं आहे. मला या क्रमातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हे: हुकूम 4-0 निघाले तरी तो टिकतो. फक्त बदाम एक्क्याकडे जाण्याआधी इस्पिकचा राजा खेळून घ्यायचा.

आधी फिनेस करून पाहू, हा विचार मात्र महागात पडतो. किलवरचा राजा पश्चिमेकडे असला तर बदाम परत येतो, एक्का निघून जातो आणि 4-2 चा मार्ग बंद होतो. फिनेसची वेळ चौकट 5-1 निघाल्यावर येते. चौकटीचा राजा चालला आणि एकाने दुसऱ्या रंगाचं पान टाकलं, तर डिक्लेरर डमीतच असतो. तिथूनच किलवर खेळायची.

चौकट 4-2 आणि हुकूम 3-1 असतील तर शेवटच्या चौकटीवर काय टाकायचं? हात किलवरच्या राणीकडे जातो. पण टाकायची बदामची तिर्री. हातात उरतात इस्पिक राजा आणि किलवर एक्का-राणी. आता फिनेस फुकट आहे: चुकला तरी बारा, लागला तर तेरा.