उंबर, कुंपणभिंत आणि हद्द कायम मोजणी

एरंडवण्यातील आमच्या जुन्या बंगल्याच्या मागे, कुंपणभिंतीला खेटून, उंबराचे एक मोठे झाड आहे. त्याच्या मुळांनी भिंत फुगवली होती, ड्रेनेजच्या चेंबरमध्येही ती शिरली होती, आणि एक जाड फांदी आमच्या पत्र्याच्या शेडवर झुकल्यामुळे दर वादळी पावसात जीव टांगणीला लागत असे. शेजारच्या काकांकडे छाटणीचा विषय काढला, तेव्हा त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. औदुंबर हे दत्तगुरूंचे स्थान असल्यामुळे त्याला कोयता लावू देणार नाही, ही पहिली. आणि झाड मुळात त्यांच्याच जागेत असल्याने मला त्यात बोलण्याचा अधिकार नाही, ही दुसरी. पहिलीवर वाद घालण्यात अर्थ नव्हता. दुसरी मात्र कागदावर तपासता येण्याजोगी होती, आणि मला तेवढे पुरेसे होते.

आमच्याकडे मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) होती, जुने खरेदीखत होते आणि भिंत वडिलांच्या काळापासून उभी होती. परंतु यांपैकी कशावरूनही जमिनीवरची रेषा नेमकी कोठून जाते हे ठरत नाही. मिळकत पत्रिकेवर क्षेत्रफळ असते, भिंत ही केवळ वहिवाट असते, आणि अभिलेखातील हद्द जमिनीवर उतरवून दाखवण्याचे काम भूमी अभिलेख विभागाच्या हद्द कायम मोजणीतूनच होते. अर्ज करण्यापूर्वी वडिलांच्या पश्चात राहिलेली वारसनोंद पूर्ण करून घ्यावी लागली. त्यानंतर ऑनलाइन अर्ज भरून, मोजणी शुल्काचे चलन जमा करून आणि चारही बाजूंच्या लगतच्या कब्जेदारांची नावे-पत्ते देऊन तारखेची वाट पाहणे, एवढेच हाती होते.

लगतच्या कब्जेदारांना मोजणीची नोटीस कार्यालयाकडून जाते. ती हातात पडल्यावर शेजाऱ्याला जे वाटते ते नंतर पुसणे कठीण असते, म्हणून मी आधीच काकांच्या घरी गेलो. "मोजणी आणताय म्हणजे कोर्टाची तयारीच म्हणायची!" असे ते म्हणाले. "काका, नोटीस यायच्या आधी तुमच्या कानावर घालायला आलोय. तुम्ही त्या दिवशी स्वतः हजर राहा, हवं तर तुमचा माणूसही आणा," असे मी सांगितले. ते नाराज झालेच, पण मोजणीच्या दिवशी आले. नोटीस बजावलेली असेल तर शेजारी गैरहजर राहिल्याने मोजणी अडत नाही. तरीही ज्याने खुणा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत तो पुढे नकाशाला सहसा बनावट म्हणत नाही, आणि या सगळ्या खटाटोपात माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट तीच ठरली.

भूकरमापकांनी सुरुवात आमच्या भिंतीपासून केली नाही. रस्त्याच्या कोपऱ्यांवरील जुन्या पक्क्या खुणा घेऊन ते आत येत गेले, अभिलेखातील अंतरे जुळवत त्यांनी हद्दीच्या खुणा केल्या आणि उपस्थितांच्या सह्या घेतल्या. पुढे मिळालेल्या 'क' प्रतीत, म्हणजे अर्जदाराला मिळणाऱ्या मोजणी नकाशाच्या प्रतीत, अभिलेखाप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळ्या रेषांनी दाखवली होती. पुढच्या बाजूला दोन्ही रेषा एकमेकींवर होत्या. मागे मात्र भिंत तिरकी होत आमच्या जागेत सुमारे फूटभर आली होती, आणि उंबराचे खोड नेमके हद्दीवर उभे होते. झाड पूर्णपणे त्यांचे नव्हते, तसेच ते माझेही नव्हते.

मोजणी अधिकारी रेषा दाखवतात, ताबा देत नाहीत. भिंत पाडून घ्यायची असेल तर दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि ज्याला मोजणीच मान्य नसेल त्याला निमताना मोजणीची, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणीची, मागणी करता येते. काकांनी ती केली नाही. मला काळजी होती ती मुदतीची, कारण 1963च्या मुदत अधिनियमानुसार खाजगी जमिनीवरील प्रतिकूल ताब्याला, म्हणजे मालकाच्या हक्काविरुद्ध दुसऱ्याने उघडपणे ठेवलेल्या ताब्याला, 12 वर्षे झाली की मालकाचा हक्क जाऊ शकतो आणि आमची भिंत त्याहून कितीतरी जुनी होती. वकिलांच्या सल्ल्याने आम्ही दोघांनी लेखी कबुली केली, तीत मागची पट्टी माझ्या मालकीची असून काकांकडे ती केवळ माझ्या परवानगीने आहे, आणि भिंत पुन्हा बांधायची वेळ येईल तेव्हा ती हद्दीवर येईल, असे नमूद केले. पट्टीची मालकी कोणाच्या नावे बदलायची असती तर नोंदणीकृत दस्त लागला असता; आम्हाला तसे काही करायचे नव्हते.

आता झाड उरले. स्वतःच्या अंगणातील झाडालाही पुण्यात मनाप्रमाणे हात लावता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 हा कायदा झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही तोडण्यातच धरतो, आणि परवानगी महापालिकेकडून घ्यावी लागते. शिवाय 2021च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे किंवा त्याहून जुने झाड प्राचीन वृक्ष ठरते, आणि तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट पडते. हे ऐकल्यावर झाड पूर्ण तोडण्याचा विचार माझ्या मनातूनही गेला, आणि काकांना दत्तगुरूंच्या जोडीला कायदाही आपल्या बाजूने आल्याचे समाधान मिळाले. अर्ज आम्ही दोघांच्या सह्यांनी केला. सोबत मोजणीचा नकाशा, फांदीची आणि फुगलेल्या भिंतीची छायाचित्रे जोडली, आणि मागणी एवढीच ठेवली की धोकादायक फांदी कमी करू द्यावी. झाड कोणाचे हा प्रश्न एकट्याच्या अर्जावर हटकून निघाला असता. उद्यान विभागाचे निरीक्षक पाहणीसाठी आले, त्यांनी खोड, फांद्या आणि मुळे बारकाईने पाहिली, आणि मुख्य मुळांना धक्का न लावण्याच्या सूचनेसह फांदीच्या छाटणीला परवानगी मिळाली. छाटणीपुरते काकांनी स्वतः नारळ फोडून झाडाची क्षमा मागितली. निरीक्षकांच्या कागदात तेवढीच अट राहिली होती, असे मी त्यांना म्हणालो, तेव्हा प्रथमच ते हसले.

फुगलेली भिंत त्यानंतर उतरवावीच लागली, त्यामुळे कबुलीपत्रातील कलम अपेक्षेपेक्षा लवकर लागू झाले. नवी भिंत 'क' प्रतीतील खुणांवर, निम्म्या-निम्म्या खर्चात बांधली. खोडाच्या दोन्ही अंगांना भिंतीचा पाया न खणता तेवढ्या भागात लोखंडी जाळी बसवली, म्हणजे मुळे तोडण्याची वेळ आली नाही. ड्रेनेजचे चेंबर मात्र मुळांपासून दूर, घराच्या दुसऱ्या बाजूला हलवावे लागले, आणि तो खर्च माझ्या एकट्याच्या खिशातून गेला.