पासबुकं टेबलावर ठेवली त्या संध्याकाळी

मी बँकेत आहे, आणि गेली सहा वर्षं शैक्षणिक कर्जाचं टेबल माझ्याकडे आहे. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्यासमोरच्या दोन खुर्च्यांवर बहुतेक वेळा एक बाप आणि एक मूल बसलेलं असतं. बाप बोलतो. मूल मोबाइलकडे नाहीतर फरशीकडे बघतं. मी कागद पुढे सरकवते, सह्या कुठे करायच्या ते बोट ठेवून दाखवते. कर्ज मुलाच्या नावावर असतं, आईवडील सहकर्जदार. पण हप्ता किती येणार, कधीपासून येणार, हे त्या मुलाला कुणी सांगितलेलं असतंच असं नाही.

यंदा जूनमध्ये तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार मुलाला घेऊन आले होते. पुण्यात खासगी कॉलेजमध्ये कॉम्प्युटर घ्यायचं ठरलेलं, प्रवेशाआधी कर्जाची चौकशी करायला आलेले. दरवर्षी दीड लाख, चार वर्षांचे सहा लाख. मी सहज मुलाला विचारलं, "हप्ता किती येईल, कल्पना आहे का?" त्याने वडिलांकडे बघितलं. मग मी कागद घेऊन त्याच्यासमोरच मांडलं. व्याज दहा टक्के धरू. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्या वर्षीच्यावर चार वर्षांचं, असं करत व्याजाचेच दोन लाख दहा हजार होतात. म्हणजे फेड सुरू होताना डोक्यावर आठ लाख दहा हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला दहा हजार सातशेच्या आसपास.

तो मुलगा बराच वेळ त्या कागदाकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "मॅडम, मला वाटलं बाबांनी बागेचे पैसे ठेवलेत."

वडील काही बोलले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली फक्त.

त्या संध्याकाळी घरी जाताना माझं मन थाऱ्यावर नव्हतं. कारण मी घरी नेमकं तेच करत होते. बापाने निदान हौसेपोटी लपवलं होतं, मी तर खोटी कारणं सांगत होते.

आमची थोरली यंदा बारावी झाली. सीईटीला ९४ च्या वर पर्सेंटाइल. तिला सिव्हिल घ्यायचंय, हे ती दहावीपासून सांगतेय. त्यामागे २०१९ चा पूर आहे. आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली होती. इथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून समजा. आम्ही माझ्या दिरांकडे विश्रामबागला नऊ दिवस होतो. पोरगी तेव्हा बारा वर्षांची. घरातले सगळे आमच्या तळमजल्याच्या काळजीत, आणि ही मात्र येईल-जाईल त्याला एकच विचारायची : कोयनेतून सोडलेलं पाणी आपल्याकडे किती तासांनी येतं? पूर कशाने, कोयनेचा विसर्ग की खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा, यावर मोठी माणसं भांडायची आणि ती मध्ये वही घेऊन बसायची. वहीत रोजची फुटांची नोंद. ती वही अजून तिच्या कपाटात आहे, कडा पाण्याने फुगलेली.

तिच्या बाबांना कॉम्प्युटर हवं होतं. त्यांच्या ऑफिसातल्या प्रत्येकाचं पोर कॉम्प्युटरला, नाहीतर एआयला. "सिव्हिलवाल्यांना सुरुवातीला काय मिळतं ते बघितलंस का?" हा त्यांचा प्रश्न, आणि तो खोटा नव्हता. मी मात्र शाखेवर काही बोलत नव्हते. माझा विरोध पुण्याला होता. तिला पुण्याचं सीओईपी हवं होतं, १८५४ पासूनचं कॉलेज, त्याचं नाव घेतलं की तिचे डोळे चमकायचे. तिथे नाही मिळालं तर पुण्यातलंच एखादं खासगी. आणि मी म्हणायचे, पुणं लांब आहे. मेसचं खाणं तुला सोसणार नाही. ट्रॅफिक बघितलंस का. एकटी कशी राहशील.

एकदा ती म्हणाली, "आई, मामा तिथेच राहतो. तू स्वतः लग्नाआधी तीन वर्षं पुण्यात होतीस." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चिडले, आणि ती दार लावून आत गेली.

खरं कारण पैसा होतं. घराचं कर्ज अजून अकरा वर्षं आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. धाकटा आठवीत आहे. हे सगळं तिला दिसत होतंच, पण आकडा कुणी तिच्याशी बोललं नव्हतं. आपल्याकडे मुलांना पैशाचं सांगायचं नाही, त्यांनी फक्त अभ्यास करावा, अशीच रीत. माझ्या आईनेही मला कधी सांगितलं नाही. एमएस्सीला पाठवणार नाही म्हणाली तेव्हा कारण दिलं होतं, "मुलीच्या जातीला इतकं शिकून काय." मी ते पंचवीस वर्षं खरं मानलं आणि आईवर धुमसत राहिले. वडिलांची गिरणी तेव्हा बंद पडत आली होती, हे मला त्यांच्या तेराव्याला मामांकडून कळलं. आईने जे शब्द वापरले ते मला अजून टोचतात. नुसतं "पैसे नाहीत गं" म्हणाली असती तर मी रडले असते, पण तिच्यावर रागावले नसते.

तर त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी कपाटातून सगळी पासबुकं काढली. माझं, ह्यांचं, तिच्या नावाचं पीपीएफचं, आणि घराच्या कर्जाचं स्टेटमेंट. टेबल पुसून घेतलं आणि गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं एक पान उलटं पसरलं. ह्यांना म्हटलं, तुम्हीही बसा. धाकट्यालाही तिथून उठून जायला सांगितलं नाही.

लिहिलं : तुझ्या पीपीएफमध्ये चार लाख दहा हजार. आम्ही दोघं मिळून वर्षाला साठ हजार बाजूला काढू शकतो, चार वर्षांचे दोन लाख चाळीस. बेरीज साडेसहा लाख. यापुढे जे लागेल ते कर्ज, तुझ्या नावावर, आणि त्याचा हप्ता हा असा बसेल.

तिने पहिल्यांदा विचारलं, "यात हॉस्टेल धरलंय?" म्हटलं, नाही, ते तू धर. मग तिने माझ्या हातातलं पेन घेतलं. खासगी कॉलेजची फी, राहणं-जेवण महिना पंधरा हजार, वर्षाचे दहा महिने. बेरीज बारा लाखांच्या पुढे गेली. ती काही बोलली नाही. त्या रांगेवर तिने एक आडवी रेघ मारली, फार जोरात नाही, आणि खाली सीओईपी लिहून पुन्हा बेरीज करायला लागली. मग आमच्या सांगलीचं वालचंद. मग कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी. अकरा वाजले तरी पान भरत होतं. मध्येच मान वर न करता म्हणाली, "मला वाटायचं तुला माझी भीती वाटते. मी बिघडेन म्हणून." मी उठून पाणी प्यायला गेले.

शाखेचा गुंता वेगळ्या तऱ्हेने सुटला. माझी एक आतेबहीण जलसंपदा खात्यात इंजिनिअर आहे. एका रविवारी आम्ही चौघं तिच्याकडे गेलो. तिने काही गोड करून सांगितलं नाही, आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. सरकारी परीक्षेत तीन वर्षं गेली. पहिल्या साइटवर बाईसाठी स्वच्छतागृह नव्हतं, दिवसभर पाणी न पिता राहायची. खासगीत सुरुवातीचा पगार वर्गातल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या निम्माही नव्हता. आणि मग पावसाळ्यातल्या रात्रीचं सांगितलं : धरणाच्या दरवाजांचे आकडे येत असतात, कुठल्या गावाला कधी कळवायचं याचा हिशेब चालू असतो. ते सांगताना तिचा आवाज बदलला. आमची पोरगी पुढे सरकून बसली. तिचे बाबा परतीच्या वाटेवर गाडीत एवढंच म्हणाले, "सगळं ऐकूनही तुझं तेच आहे ना? मग तेच." त्यानंतर त्यांनी कॉम्प्युटरचं नाव काढलं नाही.

पर्यायांचा अर्ज तिने स्वतः भरला. इथे बँकेच्या खिडकीतून दिसणाऱ्या दोन-तीन गोष्टी सांगते, कारण दरवर्षी लोक यात अडकतात. कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, अर्जात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, पण २०२५ पासून क्रमाला फार धार आलीय. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कुठलाही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. म्हणजे शेजाऱ्याने सुचवलं म्हणून वर टाकलेलं नाव गळ्यात पडू शकतं. एका समुपदेशकाने हा अर्ज भरून द्यायचे आमच्याकडे पंधरा हजार मागितले होते. कटऑफच्या याद्या मोफत मिळतात, त्यात 'एल'ने सुरू होणारे रकाने मुलींच्या जागांचे असतात, एवढं कळलं की घरचे लोक दोन संध्याकाळी बसून तो भरू शकतात.

दुसरं, मुलींच्या फीचं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅपमधून झालेला हवा. आम्ही त्यात बसत नाही. पण मिरज तालुक्यातली एक बाई माझ्याकडे लेकीसाठी चार लाखांचं कर्ज काढायला आली होती, मंगळसूत्र मोडायची तयारी ठेवून, आणि तिची मुलगी या सवलतीत चक्क बसत होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिचा अर्ज मी परत तिच्या हातात दिला. हॉस्टेलपुरतं छोटं कर्ज मग नंतर केलं.

थोरलीने क्रम लावला : सीओईपी सिव्हिल, वालचंद सिव्हिल, कऱ्हाड सिव्हिल, त्याखाली बाकीचे. मी एकदाच विचारलं, वालचंद पहिलं टाकतेस का, घरून जाता येईल. ती म्हणाली, "आई, ते तुझं झालं." मी गप्प बसले. पहिल्या फेरीत कऱ्हाड लागलं. पुढच्या फेरीत वरचं काही मिळतंय का, याची वाट बघायचं तिने ठरवलं. दुसऱ्या फेरीतही कऱ्हाडच, आणि पहिल्या तिनांतलं म्हणून पक्कं. त्या रात्री ती जेवली नाही. सीओईपी थोडक्यात हुकलं होतं. मी समजूत घातली नाही, शेजारी बसून राहिले.

कऱ्हाडला सोडायला गेलो तेव्हा गादी, बादली, कुलूप आणि ती फुगलेली वही, एवढं सामान होतं. वही कशाला विचारलं तर म्हणाली, असू दे. हॉस्टेलवरून परत निघताना तिच्याच हट्टाने प्रीतिसंगमावर गेलो. कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात आणि तिथून नदी आमच्याकडे वळते. बराच वेळ ती कठड्याला धरून उभी होती, धाकट्याला बोट दाखवून काहीतरी सांगत होती.

परवा रात्री साडेदहाला तिचा फोन आला. मला वाटलं बरं नाही की काय. म्हणाली, "आई, कोयनेचे दरवाजे उचललेत, इथे पाणी चढतंय. आजीची गादी तळमजल्यावरून आजच वर घ्या, आणि बाबांना गाडी वरच्या अंगाला लावायला सांग." मग थोडं थांबून, "मी सकाळी सहाला परत सांगते, किती चढलंय ते."

आम्ही गादी वर नेली.