मीटर ओरिजिनल, पण कुठल्या एमजीबीचे?

मी जुनी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा विकणाऱ्याने ‘मीटर सगळे ओरिजिनल’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं. तसं ते खोटंही नव्हतं. डॅशवरचे चारही मीटर स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचे होते आणि एमजीबीचेच होते. फक्त कुठल्या एमजीबीचे, ते त्याने सांगितलं नव्हतं. बहुधा त्यालाही ठाऊक नसावं.

ही गाडी १९६२ ते १९८० बनत राहिली. माझी १९६६ची, चॅसिस नंबर जीएचएन३ने सुरू होणारी, म्हणजे पहिल्या आवृत्तीची, मार्क वन रोडस्टर (उघड्या टपाची). १९६७च्या अखेरीस मार्क टू आली तेव्हा पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर खडखड न होता पडण्याची सोय) मिळाला, डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला आणि बॅटरीचं अर्थिंग, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं टोक, पॉझिटिव्हचं निगेटिव्ह झालं. या बदलांच्या खुणा मीटरवर सापडतात. बाहेरून मात्र बदलाआधीचा आणि नंतरचा मीटर सहज एकमेकांच्या जागी खपून जातो.

कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून गेडनचा ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्ट दाखला देतो. तो मागवला. इंजिन नंबर, रंग, गाडी बनल्याची तारीख, सगळं आलं. मीटरबद्दल अवाक्षर नाही. तेव्हा डॅशखाली पाठीवर झोपणं आलंच.

मीटर काढणं अवघड नाही. मागे एक पट्टी आणि खाचदार कडेचे छोटे नट असतात, ते बोटांनीच सुटतात. बल्बचे होल्डर नुसते ओढले की निघतात. प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधली आणि स्पीडोमीटर प्रकाशात धरला. डायलच्या खालच्या कडेला अगदी बारीक अक्षरांत एसएनने सुरू होणारा नंबर होता आणि शेजारी १२८०. गाडी एक मैल गेल्यावर केबलचे किती फेरे व्हायला हवेत, तो हा आकडा. १२८० हा मार्क टूच्या गिअरबॉक्सचा; मार्क वनचा १०४०च्या आसपास.

पण एवढ्यावरून मीटर परका ठरवणं घाईचं झालं असतं. कदाचित मधल्या कुणा मालकाने गिअरबॉक्सच बदलला असेल; मग मीटर मूळचा नसूनही बरोबर ठरतो. म्हणून स्मिथ्सची जुनी रीत वापरली. केबलचं मीटरकडचं टोक मोकळं करायचं, आतल्या तारेला पुठ्ठ्याचा काटा अडकवायचा, आणि मागच्या चाकाचे सहा पूर्ण फेरे होईपर्यंत गाडी सरळ ढकलायची. त्यात पुठ्ठ्याचे जितके फेरे झाले त्याला १६८०ने गुणायचं आणि चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतच्या इंचांनी भागायचं.

चाकावर खडूची रेघ मारली, मेहुण्याला ढकलायला लावलं आणि मी पुठ्ठ्यावर डोळा ठेवून बसलो. ‘‘दाजी, हळू म्हणजे किती हळू?’’ असं तो विचारत राहिला, पण घाई केली की पुठ्ठा घसरतो. सात पूर्ण फेरे झाले आणि आठव्याचा साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे ७.२. मध्यापासून जमिनीपर्यंत ११.६ इंच. उत्तर आलं १०४३. गिअरबॉक्स जुनाच होता, परका होता तो मीटर.

याचा अर्थ खऱ्या ताशी ६० मैल वेगाला काटा ४९वर राहणार. मैल मोजणारे आकडेही त्याच प्रमाणात मागे, शंभर मैलांचे जेमतेम ८१. जाहिरातीत ‘कमी चाललेली’ म्हणून मिरवलेला आकडा मी त्याच दिवशी डोक्यातून काढून टाकला.

टॅकोमीटरची, म्हणजे इंजिनचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणाऱ्या मीटरची, गोष्ट जास्त गुंतागुंतीची. डायलवर आरव्हीआय, खाली ‘पॉझिटिव्ह अर्थ’ असं इंग्रजीत छापलेलं, पाठीवर इग्निशनची पांढरी वायर वेटोळं घालून गेलेली. आरव्हीआय जातीचा मीटर त्या वायरमधल्या करंटचे ठोके मोजतो. पुढच्या काळातल्या आरव्हीसीला वेटोळं लागत नाही, कॉइलकडून थेट वायर येते. ५५००पासून पिवळा आणि ६०००पासून लाल पट्टाही जागेवर. बाहेरून सगळं १९६६ला शोभेल असं.

घोळ असा की माझी गाडी कुणीतरी केव्हाच निगेटिव्ह अर्थिंगवर नेलेली आहे, आणि तरीही हा टॅकोमीटर चालत होता. तशाच्या तसा जोडला असता तर आतला ट्रान्झिस्टर जळायला हवा. काचेभोवतीची क्रोम रिंग मागे लहान पाकळ्यांनी अडकलेली असते; पाकळ्या खाचांसमोर येईपर्यंत ती फिरवली की सुटते. माझ्या रिंगवर आधीच स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे होते. आत पाहिलं तर दोन वायरींची अदलाबदल केलेली, त्यावर चकचकीत नवं सोल्डर, आणि बाहेरचं वेटोळंही उलट्या दिशेने घातलेलं. काम नीटनेटकं होतं. बदलणाऱ्याने डायलला हात लावला नाही, हे त्याचे उपकार. छपाई पुन्हा केली की पांढरा रंग जरा जास्तच पांढरा दिसतो. इथे आकड्यांवर वयाची पिवळट झाक तशीच होती.

पेट्रोलच्या मीटरला फार वेळ लागला नाही. कोड बीएफचा, म्हणजे बायमेटलचा, तापून वाकणाऱ्या दुहेरी धातूपट्टीचा. चावी फिरवली की काटा सावकाश चढतो. जुन्या एफजी जातीचा काटा उडी मारून जागेवर जातो. मागे या जातीला लागणारा व्होल्टेज स्टॅबिलायझरही होता, त्यामुळे जोडी जुळली.

ऑइल प्रेशर आणि पाण्याचं तापमान दाखवणारा जोडमीटर मात्र मी सोडवला नाही. त्याची केशनळी इंजिनच्या हेडपर्यंत सलग जाते आणि तिच्यात ईथर असतं. हेडजवळचा गंजलेला नट फिरवताना नळीला पीळ पडून ती चिरली, तर तापमानाचा भाग कायमचा गेला. काटा इंजिनबरोबर नीट चढत-उतरत होता, तेवढ्यावर मी समाधान मानलं.

टॅकोमीटर आहे तसाच ठेवला. काहींच्या मते तो आता ‘ओरिजिनल’ राहिलेला नाही. मला ते पटत नाही; डायल, डबा आणि यंत्र त्याच काळचं आहे, आणि गाडी पुन्हा पॉझिटिव्हवर नेण्याचा माझा विचार नाही. स्पीडोमीटर मात्र बदलला. १०४० छापलेला जुना मीटर मिळाला, तो बसवला, आणि गाडीच्या वहीत दोन्ही मीटरचे मैल तारखेसह लिहून ठेवले.