एका स्लाइडचे तीन तुकडे

सेल ब्लॉकमध्ये, म्हणजे पेशी गोळा करून मेणात बसवलेल्या ठोकळ्यात, नुसतं रक्त निघालं. फुफ्फुसातल्या गाठीतून सुईने काढलेल्या पेशी आता एकाच पॅप स्मिअरवर (काचेवर पसरून पॅप रंगाने रंगवलेल्या थरात) उरल्या होत्या. त्यातले तीन पुंजके कॅन्सरचे, यात शंका नव्हती. पण कुठल्या प्रकारचा? ना ॲडेनोच्या (ग्रंथीपेशींच्या कॅन्सरच्या) ग्रंथी दिसत होत्या, ना स्क्वॅमसचं (चपट्या पेशींच्या कॅन्सरचं) केराटिन. पूर्वी अशा वेळी दोन्हींना लागू पडणारं ‘नॉन-स्मॉल सेल’ एवढंच लिहून मोकळं होता यायचं. आता पेमेट्रेक्सेड हे औषध स्क्वॅमसला देत नाहीत आणि ॲडेनो असेल तर ईजीएफआर, एएलके या जनुकांतले बदल बघावे लागतात. ऑन्कोलॉजिस्ट प्रकार विचारणारच.

पेशंटला पुन्हा सुई टोचायला नको, म्हणून सेल ट्रान्सफर करायचं ठरवलं. आधी तिन्ही पुंजक्यांचे फोटो काढले, काचेच्या मागून डायमंड पेनने खुणा केल्या. झायलीनमध्ये ठेवून कव्हरस्लिप सुटली. मग स्मिअरवर माउंटिंग मीडियमचा (कव्हरस्लिप चिकटवायच्या पारदर्शक द्रवाचा) जाड थर ओतला, ओव्हनमध्ये कडक केला, गरम पाण्यात मऊ केला आणि ब्लेडने कडेकडेने सोडवायला घेतला. साल निघावी तसा तो निघतो, पेशी त्याच्या पोटाला चिकटून येतात. कितीही वेळा केलं तरी मी श्वास रोखूनच करतो. एक कोपरा फाटला; नशीब, तिथे फक्त रक्त होतं. खुणांप्रमाणे तीन तुकडे कापून पेशी धरून ठेवणाऱ्या तीन चार्ज्ड स्लाइडवर लावले, प्रत्येकाला एक अँटिबॉडी: टीटीएफ-१, पी४०, नॅप्सिन ए. पहिली आणि तिसरी ॲडेनोची खूण, पी४० स्क्वॅमसची; जुळलं तर तपकिरी, नाही तर निळं. तुलनेसाठीचे कंट्रोल मात्र अल्कोहोलमध्ये फिक्स केलेल्या स्मिअरचेच घेतले. फॉर्मेलिनच्या ब्लॉकवर चालणारी अँटिबॉडी स्मिअरवरही तशीच चालेल, असं धरून चालायचं नसतं.

संध्याकाळी टीटीएफ-१ची स्लाइड लावली. पहिल्याच फील्डमध्ये तपकिरी केंद्रकं. नॅप्सिनमध्येही पेशीद्रवात छान तपकिरी कण. ॲडेनो! फोन हातात घेतलासुद्धा. पी४० केवळ औपचारिकता म्हणून बघितली, तर तिथेही केंद्रकं तपकिरी.

फोन ठेवला आणि फोटो उघडले.

टीटीएफ-१वर रंगलेली केंद्रकं लहान, एकसारखी, सपाट थरात बसलेली होती. त्या वायुकोशांच्या अस्तराच्या साध्या पेशी, टीटीएफ-१ त्यांच्यात असायचंच. फोटोतला पुंजका त्यांच्या शेजारीच होता, वेडीवाकडी थोराड केंद्रकं घेऊन, आणि तो निळाच राहिला होता. नॅप्सिनचे कण ज्यांच्यात होते, त्यांच्या पोटात काजळीचे काळे ठिपकेही होते. मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी! इकडचं तिकडचं गिळून बसतात आणि आपल्याला फसवतात. पी४०च्या तुकड्यावर मात्र फोटोतल्या पुंजक्याचं जवळजवळ प्रत्येक केंद्रक गडद तपकिरी होतं आणि आजूबाजूचं सगळं निळं.

स्क्वॅमस.

मग ऑन्कोलॉजिस्टना फोन केला. आधी काय सांगणार होतो, तेही सांगितलं. रिपोर्टमध्ये कोणत्या पेशी रंगल्या आणि कोणत्या नाहीत ते वेगवेगळं लिहिलं, फोटो जोडले. मूळ स्लाइड फाइलला गेली तेव्हा काच कोरी होती, मागे फक्त डायमंड पेनच्या खुणा.