बाईकची टेस्ट देणाऱ्यांसाठी: आधी हळू चालवायला शिका

माझी टेस्ट नुकतीच झाली, पास झाले, आणि सगळं डोक्यात ताजं आहे तोवर नव्याने शिकणाऱ्यांसाठी लिहून टाकते. टेस्टचं टेन्शन घेणारे बहुतेक जण ट्रॅफिकला घाबरतात, पण माझ्या मते खरी परीक्षा गाडी एकदम स्लो चालवताना असते.

कारण साधं आहे. गाडी स्पीडमध्ये असली की एका बाजूला कलायला लागताच हँडल आपणहून त्या बाजूला जरासं वळतं आणि गाडी सावरते, आपल्याला कळतही नाही. चालत जाणाऱ्या माणसाच्या स्पीडला आलो की हा आधार जवळजवळ जातो आणि तोल सगळा आपल्यावर येतो. अशा वेळी भीतीने क्लच पूर्ण दाबला जातो, इंजिनची ओढ तुटते, गाडी डगमगते आणि पाय खाली, आणि टेस्टमध्ये पाय टेकला की बऱ्याच ठिकाणी तिथेच विषय संपतो.

यावर उपाय हाफ क्लच. रेस थोडीशी पण एकसारखी ठेवायची, क्लच हळूहळू सोडत जिथे गाडी ओढायला लागते त्या पॉइंटला धरून ठेवायचा, आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक अगदी हलका दाबून ठेवायचा. इंजिन पुढे ओढतंय, ब्रेक मागे धरतोय, आणि या ओढाताणीत गाडी अशी ताठ उभी राहते की पहिल्यांदा जमतं तेव्हा खरंच भारी वाटतं! क्लच जळेल म्हणून काही जण हे करत नाहीत, पण बहुतेक बाईकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, थोडा वेळ असं चालवून त्याला काही होत नाही. हँडल वळलेलं असताना पुढच्या ब्रेकला मात्र हात लावू नका, स्लो गाडी त्याने क्षणात आडवी होते.

आता आठ काढणं, म्हणजे इंग्रजी 8 च्या आकारात गाडी फिरवणं. इथे सगळा खेळ नजरेचा आहे. पुढच्या चाकाकडे किंवा खुणेसाठी ठेवलेल्या प्लास्टिकच्या कोनकडे बघितलं की गाडी बरोब्बर तिकडेच जाते, म्हणून एका गोलातून बाहेर पडायच्या आधीच मान दुसऱ्या गोलाकडे फिरलेली पाहिजे, हनुवटी पार खांद्यापर्यंत. नुसते डोळे फिरवून चालत नाही, मान वळली की खांदे वळतात, खांद्यांबरोबर हात आणि हातांबरोबर हँडल. गाडी आत झुकू द्यायची, आपण थोडं बाहेरच्या बाजूला बसायचं आणि कोपर सैल ठेवायचे. प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते, त्या बाजूची प्रॅक्टिस मुद्दाम जास्त करा.

रस्त्यावरही मानच महत्त्वाची. हेल्मेटमध्ये तुमचे डोळे परीक्षकाला नीट दिसत नाहीत, मान मात्र लांबूनही दिसते. लेन बदलायच्या आधी आरसा, इंडिकेटर, मग मान वळवून खांद्यावरून एक नजर, कारण आरशात न दिसणारी जागा असतेच आणि एखादी गाडी नेमकी तिथेच असते. ही सवय फक्त मार्कांसाठी लावू नका, प्लीज, हिच्यावर जीव अवलंबून असतो. वळून झालं की इंडिकेटर बंद करा, बहुतेक बाईकमध्ये तो आपोआप बंद होत नाही आणि चालू राहिला तर समोरचा तुम्ही वळताय समजून गाडी मध्ये घालतो.

अचानक थांबायला सांगतात तेव्हा दोन्ही ब्रेक वापरायचे, पण पुढचा झटकन आवळायचा नाही. आधी थोडा दाबायचा, वजन पुढच्या चाकावर येऊ द्यायचं, मग जोर वाढवायचा, कारण थांबवायचं जास्त काम तोच करतो. ६० किलोमीटरच्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे ब्रेक दाबायला एक सेकंद लागला तर तेवढं अंतर आधीच गेलेलं असतं, आणि स्पीड दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर साधारण चौपट होतं. म्हणून मोकळ्या जागेत आधी कमी स्पीडला करून बघा, हाताला ब्रेकचा अंदाज आला की मगच स्पीड वाढवा.

आणि शक्य असेल तर ज्या गाडीवर शिकलात तीच टेस्टला न्या, प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या ठिकाणी पकडतो.