आबांच्या कोपरावरचे चट्टे

करवीर तालुक्यातल्या आमच्या गुऱ्हाळात चुलवाणापुढं उभं राहूनसुद्धा आबा सदऱ्याची बाही वर करत नाहीत. दोन्ही कोपरांवर सोरायसिसचे चट्टे आहेत, अकरा वर्षं झाली. गावात कुणी म्हणतं रक्त बिघडलंय, कुणी त्यांच्या हातचा गूळ चाखायचं टाळतं. याचा मला फार राग येतो. सोरायसिस लागत नाही. शिवून नाही, गुळातून तर नाहीच.

मागच्या महिन्यात राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी सेक्युकिनुमॅबचं इंजेक्शन सुचवलं. आधी क्षयाची तपासणी करून घेतली. घरी आल्यावर आबा म्हणाले, “बाळ, हे आत जाऊन नक्की काय बंद करतंय?”

मी कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते, पण आबांना सांगायला काहिलीजवळची अख्खी संध्याकाळ लागली.

हेल्पर टी पेशी, म्हणजे जंतूंशी लढताना बाकीच्या पेशींना हुकूम देणारी पांढरी पेशी, आधी कोरी असते. डेन्ड्रिटिक पेशी, म्हणजे शरीरातली पहारेकरीण, तिला जंतूचा तुकडा दाखवते, आणि त्या वेळी भोवती कोणते सायटोकाइन, म्हणजे पेशींचे निरोप नेणारे रेणू, आहेत त्यावर तिचं पुढचं काम ठरतं. इंटरल्यूकिन-१२ हा त्यातलाच एक रेणू असेल तर ती टीएच-१ होते, क्षयाच्या जंतूंसारख्या पेशीत दडणाऱ्यांशी लढायला. इंटरल्यूकिन-४ असेल तर टीएच-२, पोटातल्या जंतांसाठी. ॲलर्जीतही हिचाच हात. १९८६ साली मॉसमन आणि कॉफमन यांनी उंदरांच्या पेशींत हे दोन गट दाखवले.

आबा काहिलीकडं बघत म्हणाले, “म्हंजे रसागत. लवकर उतरला तर काकवी, आणखी आटवला तर गूळ.” गुळव्यानं तेवढ्यात पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, दोन बोटांत गोळी वळते का पाहिलं आणि मान हलवली. अजून नाही.

पण इथं नुसतं कमी-जास्त आटवणं नाही, सोबत कोण आहे हे बघावं लागतं. टीजीएफ-बीटा नावाचा रेणू घ्या. तो असेल आणि भोवती दाह नसेल तर कोरी पेशी नियामक टी पेशी होऊ शकते. तिच्यात फॉक्सपी-३ हे प्रथिन चालू होतं आणि ती बाकीच्यांना आवरते. त्याच टीजीएफ-बीटाच्या जोडीला इंटरल्यूकिन-६ आलं, की तीच पेशी टीएच-१७ होते, दाह भडकवणारी. २००६ साली हे प्रयोगांतून दिसलं. इतकी वर्षं शिकवतेय, तरी फळ्यावर हे दोन बाण काढताना माझा हात थांबतो. शांत करणारी आणि पेटवणारी, दोघींची सुरुवात एकाच निरोपानं.

आबांच्या कातडीत टीएच-१७चं काम थांबत नाही. इंटरल्यूकिन-२३ त्यांना जागं ठेवतं, त्या इंटरल्यूकिन-१७ सोडतात, आणि एरवी महिनाभर लागणारी कातडीची उलाढाल काही दिवसांत उरकते. म्हणून त्या पांढऱ्या खपल्या. इंजेक्शन पेशी मारत नाही. ते इंटरल्यूकिन-१७ए हा रेणूच धरून ठेवतं.

“मग तो रेणू देवानं दिलाच कशाला?” आबांनी विचारलं. कँडिडा बुरशी तोंडात माजू नये म्हणून तो लागतो. म्हणूनच डॉक्टरांनी बजावलंय, जिभेवर पांढरे डाग दिसले तर लगेच कळवा.

पहिल्या पाच आठवड्यांत दर आठवड्याला एक डोस, मग महिन्याला. आतापर्यंत दोन झालेत. रोज सकाळी दात घासले की आबा खिडकीजवळच्या आरशासमोर जीभ काढून उभे राहतात आणि मला हाक मारतात, “ये बघ गं, काय दिसतंय का?”