बर्नाडेट आणि आमची आई

सिअ‍ॅटलची टिंगल करणारी कादंबरी सिअ‍ॅटलमध्येच बसून एकटीने वाचायची, यात अर्धीच मजा. म्हणून या सुट्टीत मारिया सेम्पलची ‘व्हेअर्ड यू गो, बर्नाडेट’ दादरला घेऊन आले आणि आईला रोज थोडी थोडी मराठीत सांगायला लागले. ती गवार मोडते, मी गोष्ट सांगते.

कादंबरी २०१२ची. बर्नाडेट फॉक्स ही एकेकाळची नावाजलेली आर्किटेक्ट, मॅकआर्थर फेलोशिप मिळवलेली. आता नवरा मायक्रोसॉफ्टमध्ये, मुलगी बी शाळेत आणि ही बाई मुलींच्या एका जुन्या सुधारगृहाच्या गळक्या इमारतीत दार लावून बसलेली. शाळेतल्या इतर आयांना ती चिलटं म्हणते. सिअ‍ॅटलमधले पाच-पाच रस्ते एकत्र येणारे चौक तिच्या डोक्यात जातात. (माझ्याही जातात, पण तिकडच्या मंडळींसमोर हे बोलायची सोय नाही.) माणसांशी बोलावं लागू नये म्हणून तिने ताशी ७५ सेंटवर भारतातली एक ऑनलाइन मदतनीस ठेवलीय, मंजुला. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचं टेबलसुद्धा सिअ‍ॅटलमध्ये मंजुलाच बुक करणार!

आईचा हात थांबला. “तासाला पाऊण डॉलर? एवढ्यात आपली सुमन जिनासुद्धा चढायची नाही. आणि बँकेचे नंबर दिलेत म्हणतेस? गेली ही बाई. ओटीपी पण देऊन बसेल.”

मंजुलाचं पुढे काय होतं ते फोडत नाही. पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फसवणुकीचे इतके मेसेज फिरतात, की आईला गंडवणं सेम्पलबाईंनाही जड जावं.

पुढे शेजारीण ऑड्री हट्टाने बर्नाडेटच्या उतारावरची ब्लॅकबेरीची झुडपं मुळासकट काढायला लावते. मी पावसापर्यंतही पोचले नव्हते, तोच आई म्हणाली, “दरड येणार.” आली. ऐन पार्टीत, ऑड्रीच्याच घरात. दर जुलैत घाटकोपर-विक्रोळीच्या बातम्या बघणाऱ्या बाईला यात रहस्य कसलं?

मला सगळ्यात आवडते ती मांडणी. ईमेल, शाळेची पत्रकं, बिलं, एफबीआयची कागदपत्रं असं सगळं जमवून बी आपल्या नाहीशा झालेल्या आईचा माग काढते. शेजारणीच्या ईमेलमध्ये बर्नाडेट ठार वेडी, तिच्या स्वतःच्या पत्रांत मात्र सगळ्यांत शहाणी. २०१९मध्ये केट ब्लँचेटला घेऊन सिनेमा आला, पण पत्रांची ही गंमत पडद्यावर फारशी उतरली नाही. आमच्या सेक्रेटरींची फाइल कुणी उघडली तर आईबद्दल काय मत होईल, देव जाणे. टाकीचं झाकण, कबुतरं, लिफ्टमधला पंखा, प्रत्येकावर सविस्तर अर्ज, खाली ‘कळावे’. झाकणाच्या बाबतीत ती बरोबर होती, हे मला इथे नमूद करायचंय.

ती बर्नाडेटवर हसते, पण मध्येच म्हणाली, “तिचं काम सुटलंय गं. हाताला काम नसलं की माणूस चौकांवर चिडतो.” हे मला तिकडे वाचताना सुचलं नव्हतं. मी आपली ओळखीच्या रस्त्यांवर हसत बसले होते.

काल आम्ही अंटार्क्टिकाच्या बोटीपर्यंत आलो. आईने एवढंच विचारलं, “तिथे जायला किती पडतात?”